उसाचा डोळा आणि बावन्न सेकंदांचा व्हिडिओ : एका पेटंटचं प्रकरण

मी पुण्यात पेटंट एजंट म्हणून काम करतो. "पेटंट काढायचंय" म्हणत कुणी समोर बसलं की यंत्र कसं चालतं हे मी आधी विचारत नाही. आधी विचारतो, "हे आजवर कुणाकुणाला दाखवलंत?" या प्रश्नाचं उत्तर किती महागात पडू शकतं आणि उशीर झाल्यावरही त्यातून काय वाचवता येतं, हे पुढच्या प्रकरणात दिसेल. संबंधितांची परवानगी घेतली आहे. नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

सांगली-कोल्हापूर पट्ट्यात एक वर्कशॉप आहे. मालक आयटीआय झालेले फिटर. तीस वर्षं ट्रॉल्या, सरीचे रिजर, रोटाव्हेटरची पाती अशी कामं करत आलेले. गाव त्यांना अण्णा म्हणतं, मीही तेच म्हणतो.

ऊस लावायचा म्हणजे आधी बेणं, म्हणजे लावणीसाठीचा ऊस, तोडायचं. दोन डोळ्यांची (डोळा म्हणजे पेऱ्यावरचा कोंब) टिपरी, म्हणजे उसाचे तुकडे, लावायची तर हेक्टरी साधारण 25 हजार टिपरी लागतात आणि ती बाया कोयत्याने तोडतात. हात चपळ असला तरी दिवसभरात कितीतरी डोळे चिरतात, आणि चिरलेला डोळा उगवत नाही, तिथे नांग्या, म्हणजे मोकळ्या जागा, पडतात. एक डोळा पद्धतीत बेणं कमी लागतं, पण तिथे एकेका डोळ्याला मोल असतं. यंत्राने बेणं तोडायचे प्रयत्न बरेच झालेत. साध्या यंत्रात पातं ठरलेल्या अंतरावर पडतं, उसाची पेरं मात्र ठरलेल्या अंतरावर नसतात.

अण्णांनी ट्रॅक्टरच्या पीटीओवर (इंजिनाची ताकद बाहेरच्या यंत्राला देणाऱ्या दांड्यावर) चालणारं दीड टनाचं धूड उभं केलं. ऊस दोन रोलरमधून पुढे सरकतो. वरून लाल लेझरची एक रेघ उसावर आडवी पडते आणि कॅमेरा तिच्याकडे तिरक्या कोनातून बघतो. ऊस गुळगुळीत असेल तोवर रेघ सारखी कमानदार दिसते. पेरं आलं की ती उचलली जाते, आणि डोळा आला की उचललेल्या भागावर आणखी एक बारीक टेंगूळ येतं. ते टेंगूळ ओळखायचं आणि पातं त्याच्या मागेपुढे पाडायचं. उसाचे डोळे एका पेऱ्याला एका बाजूला, पुढच्या पेऱ्याला समोरच्या बाजूला असे आळीपाळीने येतात. म्हणून अण्णांनी खालच्या बाजूनेही एक लेझर बसवला. चित्रं ओळखणारा प्रोग्राम जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने लिहिला होता. तोडलेली टिपरी यंत्रातूनच थेट जिवाणूंच्या द्रावणाच्या टाकीत पडत.

मला सगळ्यांत मोलाची वाटलेली गोष्ट मात्र लेझरची नव्हती. सकाळच्या दवात भिजलेला ऊस रोलरमध्ये घसरतो. कॅमेरा डोळा अचूक टिपतो, पण पातं पडतं तेव्हा ऊस हिशेबापेक्षा बोटभर मागे असतो आणि नेमका डोळाच कापला जातो. अण्णांनी सहा महिने यावर डोकं घातलं. शेवटी शिंप्याकडे कापडावर खुणा उमटवायचं दातेरी चाक असतं तसं एक छोटं चाक त्यांनी स्प्रिंगने उसावर दाबून धरलं. रोलर कितीही फिरोत, ऊस प्रत्यक्षात किती सरकला हे ते चाक सांगतं. पातं रोलरच्या फेऱ्यांवर न चालवता या चाकाच्या मोजणीवर चालवलं आणि घसरीचा प्रश्न सुटला. हे त्यांनी मला बोलता बोलता, जाता जाता सांगितलं. त्यांच्या लेखी ती किरकोळ दुरुस्ती होती, आणि "लेझर" हाच खरा शोध.

अडचण

ते माझ्याकडे आले फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. त्याआधी डिसेंबरात, उसाच्या 'सुरू' नावाच्या हंगामातल्या लावणीच्या तोंडावर, एका मोठ्या शेतकी प्रदर्शनात त्यांनी यंत्र मांडलं होतं. पाचशे पत्रकं वाटली होती. त्यांच्या मुलाने स्टॉलवरच 52 सेकंदांचा व्हिडिओ करून यूट्यूबवर टाकला होता आणि तो ऊसवाल्यांच्या व्हॉट्सअॅप गटांतून फिरत होता.

भारतीय पेटंट कायदा नवीनतेच्या बाबतीत कडक आहे. अर्जाच्या तारखेआधी शोध प्रसिद्ध झाला, मग तो संशोधकाने स्वतः केलेला का असेना, तर नवीनता जाते. लोकांना वाटतं, "माझीच वस्तू मीच दाखवली, त्यात काय बिघडलं?" बिघडतं. सवलती आहेत, पण अरुंद. कलम 31 खाली प्रदर्शनात मांडलेल्या वस्तूला 12 महिन्यांची मुभा मिळते, मात्र केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून त्या प्रदर्शनाला हे कलम लागू केलेलं असेल तरच. आम्ही चौकशी केली. या प्रदर्शनाला तशी अधिसूचना नव्हती. त्यामुळे पत्रक, स्टॉल आणि व्हिडिओ, तिन्ही उघड्यावर.

एक गोष्ट मात्र वाचली होती. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दोन शेजाऱ्यांच्या रानात यंत्र चालवून बघितलं होतं. कलम 32 सांगतं की अर्जाआधीच्या एका वर्षात केवळ चाचणीसाठी, आणि शोधाचं स्वरूपच तसं असल्यामुळे लोकांदेखत करणं भाग होतं म्हणून, वापर झाला असेल तर तेवढ्यावरून नवीनता जात नाही. ऊस तोडायचं यंत्र बंद खोलीत तपासता येत नाही. मी विचारलं, "भाडं घेतलंत का?" अण्णा म्हणाले, "डिझेलचे पैसे घेतले फक्त. त्यांचंच बेणं, त्यांचंच रान, भाडं कसलं घ्यायचं?" भाडं घेतलं असतं तर तो धंदा ठरला असता आणि चाचणी म्हणणं जड गेलं असतं.

मुलगा बिचारा पार उतरला होता. म्हणाला, "सर, मी आत्ता डिलीट करतो की व्हिडिओ." इथे पहिला निर्णय झाला: व्हिडिओ काढायचा नाही. प्रसिद्धी झाली ती ज्या दिवशी चढवला त्या दिवशी. काढल्याने ती पुसली जात नाही, शेकडो फोनांत प्रती असतात, आणि पुढे वाद झाला तर काढलेला व्हिडिओ लपवाछपवीचा पुरावा म्हणून आपल्याच अंगावर येतो. उलट मी त्याला मूळ फाइल, चढवल्याची तारीख आणि पानाचा छापील उतारा जपून ठेवायला सांगितलं. नेमकं काय दिसलं हे आम्हालाच सिद्ध करावं लागणार होतं.

दोन रकाने

दुसऱ्या दिवशी मी वर्कशॉपवर गेलो. वेल्डिंगच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला आणि एका वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून दोन रकाने केले: "दिसलं" आणि "दिसलं नाही". मग व्हिडिओ चौकट चौकट करून पाहिला. बावन्न सेकंदांना आम्हाला सव्वातीन तास लागले.

पहिली तीस सेकंदं निर्धास्त होती. ऊस आत जातो, टिपरी बाहेर पडतात, अण्णा टिपरी हातात धरून डोळा दाखवतात. एकतिसाव्या सेकंदाला मुलगा अभिमानाने वरचं झाकण उचलतो आणि पाच सेकंदं उसावर पडलेली लाल रेघ स्पष्ट दिसते. कॅमेऱ्याची काळी डबी कोपऱ्यात आहे, तिचा कोनही ओळखू येतो. या कामातल्या माणसाला तेवढं पुरे आहे. "वरचा लेझर, तिरका कॅमेरा" हे डाव्या रकान्यात गेलं.

खालचा लेझर बाजूच्या पत्र्याआड होता. आम्ही उजेड वाढवून पाहिलं, चौकटी मोठ्या करून पाहिल्या, उसाच्या खालच्या कडेवर लाल छटा येते का पाहिलं. येत नव्हती. दातेरी चाक तर रोलरच्या मागे, गार्डखाली होतं. एका चौकटीत स्प्रिंगचं टोक दिसतं. पण ते टोक पाहून तिथे ऊस मोजणारं चाक आहे असं कुणी म्हणू शकणार नाही. दोन्ही उजव्या रकान्यात गेले.

मग पत्रक. "लेझर तंत्रज्ञान, डोळा सुरक्षित" एवढंच. यंत्रणा काय, ते नाही. मग मी अण्णांना सर्वांत अवघड प्रश्न विचारला: स्टॉलवर तोंडी काय काय सांगितलंत? त्यांनी डोळे मिटून आठवलं. "लेझर डोळा बघतो आणि पातं थांबतं, एवढंच सांगत होतो. घसरीचं कुणाला सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर आधी घसरत होतं हे कळलं असतं की लोकांना." गिऱ्हाइकासमोर दोष नको, या भावनेने शोधाचा गाभा वाचला होता.

पर्याय

अर्जच करायचा नाही आणि यंत्र विकत सुटायचं, हा पहिला पर्याय. वर्कशॉपची ताकद वर्षाला मोजक्या यंत्रांची. पलीकडच्या जिल्ह्यातला मोठा कारखाना सहा महिन्यांत तेच करून दाखवू शकला असता. अण्णांना हे मान्य नव्हतं.

सगळ्यावर दावा करायचा आणि व्हिडिओबद्दल गप्प बसायचं, हे एका नातेवाइकाने सुचवलं होतं. मी स्पष्ट नाही म्हटलं. असं पेटंट मिळालं तरी कलम 64 खाली कधीही रद्द होऊ शकतं, आणि रद्द करायला लागणारा पुरावा यूट्यूबवर फुकट पडलेला. शिवाय ते खोटं आहे.

बाह्यरूपाची डिझाइन नोंदणी? तिलाही आधी प्रसिद्ध न झालेलं रूप लागतं. ते प्रदर्शनात मांडून झालं होतं.

परदेश. अमेरिकेत संशोधकाने स्वतः केलेल्या प्रसिद्धीनंतर वर्षभराची मुदत असते. ब्राझीलमध्येही 12 महिन्यांची आहे, आणि ब्राझील म्हणजे जगात सर्वाधिक ऊस पिकवणारा देश. म्हणजे जो लेझर भारतात हातचा गेला होता, तो तिथे अजून मागता आला असता. मी हे सांगितलं, खर्च लाखांत जाईल हेही सांगितलं, आणि विषय दोन वाक्यांत संपला. या दोन वाक्यांकडे मी शेवटी परत येणार आहे.

उरला तो उजवा रकाना. जे दिसलं नाही तेवढ्यावरच दावा करायचा, प्रोग्रामचा मूळ कोड व्यापारी गुपित म्हणून ठेवायचा, आणि जे गेलं ते गेलं म्हणून सोडायचं. हाच मार्ग धरला.

जिवाणूंचं काय?

या एका मुद्द्यावर अण्णा माझ्यावर खट्टू झाले. टाकीतलं द्रावण त्यांना जीव की प्राण. त्यांच्याच रानातल्या उसाच्या मुळांतून एका ओळखीच्या प्रयोगशाळेने जिवाणू वेगळा करून दिला होता. "हे तर जैवतंत्रज्ञान झालं ना सर? मग यालाच पेटंट जास्त मोठं."

सूक्ष्मजीवांना पेटंट मिळतच नाही असं नाही. 1980 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आनंद मोहन चक्रवर्ती यांच्या तेल पचवणाऱ्या जिवाणूवर पेटंट मिळू शकतं असं ठरवलं. तो जिवाणू निसर्गात तसा सापडणारा नव्हता, त्यांनी घडवलेला होता. आपल्याकडे 2002 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने डिमिनाको या कंपनीच्या प्रकरणात सांगितलं की प्रक्रियेतून निघणाऱ्या अंतिम उत्पादनात जिवंत घटक आहे एवढ्यावरून पेटंट नाकारता येत नाही. पण कलम 3(सी) निसर्गात आढळणारी सजीव वस्तू केवळ शोधून काढली म्हणून पेटंट देत नाही, आणि अण्णांचा जिवाणू मुळातून काढलेला, जसाच्या तसा. त्याशिवाय बेणं असेटोबॅक्टर या नत्र पुरवणाऱ्या जिवाणूच्या द्रावणात अर्धा तास बुडवून लावणं ही शिफारस ऊसवाल्यांना कधीची माहीत आहे. वर जिवाणू पुण्यातल्या किंवा चंडीगडच्या मान्यताप्राप्त संग्रहात जमा करावा लागला असता आणि जैवविविधता कायद्याखाली चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाकडची पूर्तता करावी लागली असती.

मी त्यांना म्हटलं, "अण्णा, हे द्रावण विका, त्याचा धंदा करा. पण ते अर्जात घातलं तर चाकाचं पेटंट त्याच्यासाठी दोन वर्षं अडकून पडेल." आठवडाभराने त्यांचा फोन आला. "सोडा ते टाकीचं." टाकी आम्ही वर्णनात एका ओळीत ठेवली, दाव्यात नाही.

उचललेली पावलं

मार्चच्या पहिल्या आठवड्यात तात्पुरत्या तपशिलासह अर्ज दाखल केला. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असल्यामुळे लघु घटक म्हणून ऑनलाइन शुल्क 1600 रुपये. अण्णांना आकडा खरा वाटेना. "एवढ्यात होत होतं? डिसेंबरात मी फ्लेक्सलाच याच्यापेक्षा जास्त दिले." एजंटची फी वेगळी असते हे खरं, पण अगदी साध्या भाषेतलं वर्णन आणि हाताने काढलेली चित्रं घेऊनही तात्पुरता अर्ज करता येतो आणि तारीख पक्की होते. मग पूर्ण तपशील भरायला 12 महिने मिळतात. ही मुदत वाढत नाही, चुकली की अर्ज सोडून दिला असं धरतात.

तारीख वेळेत पक्की केली नाही तर काय होतं, याचं उदाहरण लेझरच्या इतिहासातच आहे. गॉर्डन गूल्ड या अमेरिकी संशोधकाने नोव्हेंबर 1957 मध्ये लेझरची कल्पना वहीत लिहून नोटरीकडून पानांवर शिक्के घेतले. पण आधी यंत्र बनवून दाखवावं लागतं अशा गैरसमजात तो अर्जाला थांबला आणि एप्रिल 1959 मध्ये गेला. टाउन्स आणि शॉलो या शास्त्रज्ञांचा त्याच विषयावरचा अर्ज 1958 मध्येच गेलेला होता. गूल्डला पहिलं महत्त्वाचं पेटंट मिळायला 1977 उजाडलं. तेव्हा अमेरिकेत आधी शोध लावणाऱ्याला मान होता, म्हणून त्याला झगडायला जागा तरी मिळाली. आपल्याकडे आधी अर्ज करणाऱ्याची तारीख चालते.

भाषेचं एक काम इथे निघालं. पेटंटचे कागद हिंदी किंवा इंग्रजीतच चालतात, आणि अण्णांच्या नोंदी मराठीत, त्यातही वर्कशॉपच्या मराठीत. विद्यार्थ्याने पहिला इंग्रजी मसुदा केला त्यात उसाच्या डोळ्याला सगळीकडे "आय" लिहिलं होतं. लेझर, कॅमेरा आणि "आय" एकत्र वाचल्यावर ते डोळ्याच्या दवाखान्याचं उपकरण वाटत होतं. तिथे "बड" घातलं. "घसर" या शब्दावर मी आणि अण्णा अर्धा तास बोललो. रोलर जागेवर फिरतो आणि ऊस थांबतो ती घसर, की ऊस रोलरपेक्षा हळू सरकतो ती? दोन्ही, असं ठरलं आणि तशी व्याख्याच वर्णनात लिहिली. पुढे सुनावणीत ती व्याख्या उपयोगी पडली.

कॉलेज आणि शेवटचं प्रकरण

संशोधक म्हणून कुणाची नावं? चाक अण्णांचं. चाकाची मोजणी आणि चित्रातली जागा जुळवायची रीत विद्यार्थ्याची. म्हणजे तो संशोधकच, मोबदला घेऊन कोड लिहिणारा नुसता मदतनीस नव्हे. अण्णांनी क्षणभरही आढेवेढे घेतले नाहीत. मार्गदर्शक प्राध्यापकांनी स्वतःच सांगितलं की त्यांनी संदर्भ सुचवले, शोधात भर घातली नाही. कॉलेजचं ना हरकत पत्र मिळायला सात आठवडे गेले. विद्यार्थ्याचा हक्क अण्णांच्या नावे करून देणारा लेख आणि त्याबदल्यात मिळकतीत वाटा, असं दोन्ही एकाच बैठकीत केलं.

त्या बैठकीत सही करता करता विद्यार्थी थबकला. "सर, एक विचारू? मागच्या मे महिन्यात प्रोजेक्ट रिपोर्ट दिला होता. त्यात शेवटी 'पुढील वाव' असं प्रकरण असतं. तिथे मी दोन लेझरचं चित्र काढलंय."

रिपोर्ट आणवला. सत्त्याऐंशीव्या पानावर पेन्सिलीने काढून स्कॅन केलेलं चित्र: ऊस मध्ये, एक लेझर वर, एक खाली, दोन ओळींचं स्पष्टीकरण. प्रत ग्रंथालयात, दाखलनोंदीच्या शिक्क्यासह, कुणीही मागून वाचावी अशी. म्हणजे खालचा लेझरही डाव्या रकान्यात गेला. चाकाबद्दल रिपोर्टमध्ये अवाक्षर नव्हतं, कारण ते चाक मे महिन्यानंतर जन्मलं.

विद्यार्थी रडवेला झाला होता. मला मात्र त्या क्षणी त्याच्याबद्दल फार आदर वाटला. तो गप्प बसला असता तर दोन लेझरचा दावा आम्ही पूर्ण तपशिलात पुढे रेटला असता आणि ऐन सुनावणीत तोंडघशी पडलो असतो. नोव्हेंबरात पूर्ण तपशील भरला तेव्हा मुख्य दावा एकच ठेवला: उसावर दाबलेल्या चाकाने मोजलेली खरी सरकण आणि लेझरच्या रेघेतून ठरलेली डोळ्याची जागा यांची सांगड घालून पातं चालवणारी यंत्रणा. सोबत लवकर प्रसिद्धीचा आणि जलद तपासणीचा अर्ज दिला. लघु घटकाला जलद तपासणी मागता येते, शुल्क 8000.

आक्षेप

पेटंट कार्यालयाच्या तपासणी अहवालात तीन मुद्दे होते. एका परदेशी दस्तऐवजात लाकडाच्या ओंडक्यांची मापं घेणारं चाक होतं, म्हणून हा शोध सहज सुचणारा आहे. कलम 3(के) खाली हा केवळ संगणक प्रोग्राम आहे. आणि कलम 3(एफ) खाली ही माहीत असलेल्या भागांची नुसती जुळणी आहे.

3(एफ) चं उत्तर सोपं होतं. ते कलम लागतं भाग एकमेकांपासून स्वतंत्रपणे, आपापलं नेहमीचं काम करत असतील तेव्हा. इथे चाक काढलं तर लेझरची माहिती निरुपयोगी आणि लेझर काढला तर चाकाची मोजणी निरुपयोगी. प्रोग्रामच्या मुद्द्यावर आम्ही दाव्यातली गणिताची भाषा काढून पातं, चाक, स्प्रिंग आणि त्यांचं एकमेकांशी नातं पुढे आणलं. ओंडक्याच्या चाकावर मात्र खरी लढत झाली. तिथे ओंडका घसरत नाही असं गृहीत धरून लांबी मोजली होती. आमचं चाक घसर झाली हे ओळखून पात्याचा क्षण बदलत होतं. वर्णनातली "घसर" ची व्याख्या इथे कामी आली.

दरम्यान दुसऱ्या एका उत्पादकाने कलम 25(1) खाली, म्हणजे पेटंट मिळण्याआधीच, विरोध दाखल केला. पुराव्यात काय होतं? व्हिडिओ, एकतिसाव्या ते छत्तिसाव्या सेकंदाच्या चौकटी, पत्रक. सगळं आमच्या डाव्या रकान्यातलं. आम्ही उत्तरात ते नाकारलं नाही. हो, हे आमचंच आहे, या तारखेला प्रसिद्ध झालं, आणि यावर आमचा दावाच नाही, असं लिहिलं. ग्रंथालयातला रिपोर्ट त्यांना सापडला नव्हता. तो आम्ही स्वतः जोडला. सुनावणी व्हिडिओ कॉन्फरन्सवर झाली. चाकाच्या दाबाबद्दलचा एक उपदावा अस्पष्ट ठरला, तो आम्ही सोडला. बाकी टिकलं.

निष्पत्ती

पहिल्या अर्जापासून साधारण दोन वर्षांनी पेटंट मिळालं. मुदत अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं, वर्षाचं नूतनीकरण शुल्क भरत राहिलं तर. कर्नाटकातल्या एका यंत्र उत्पादकाने चाकाच्या यंत्रणेचा परवाना घेतला आणि दर यंत्रामागे ठरलेली रक्कम अण्णांना व त्यातला वाटा त्या विद्यार्थ्याला मिळतो.

ज्याने विरोध केला होता तो आज वरचा लेझर लावून यंत्र विकतो. त्याला अडवता येत नाही आणि येणारही नाही, कारण ते व्हिडिओने सगळ्यांचं केलं. त्याच्या यंत्रात चाक नाही, त्यामुळे दव असेपर्यंत ते थांबवून ठेवावं लागतं असं शेतकरी सांगतात. अण्णांना हे ऐकून बरं वाटतं, आणि लेझरबद्दलची हळहळ तरीही जात नाही. "लेझर माझा होता," ते अजून म्हणतात. खरं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

डिसेंबराआधी 1600 रुपयांचा तात्पुरता अर्ज गेला असता तर व्हिडिओ, पत्रक, स्टॉल काहीही आड आलं नसतं. वरचा लेझर, तिरका कॅमेरा आणि चाक, तिन्हींची सांगड फार रुंद दाव्यात मागता आली असती. प्रदर्शन चुकवायचं कारणच नव्हतं. स्टॉलचं बुकिंग दोन महिने आधी झालं होतं, तेवढ्यात चार वेळा अर्ज झाला असता. रिपोर्ट मात्र मे महिन्यातच ग्रंथालयात गेला होता. दोन लेझरचं चित्र वाचवायला अर्ज त्याहीआधी लागला असता, म्हणजे कॉलेजने प्रोजेक्ट जमा करून घेण्यापूर्वी कुणीतरी विचारायला हवं होतं.

ब्राझीलबद्दलची चूक माझी. खर्चाचा आकडा ऐकून अण्णा मागे हटले आणि मी विषय सोडला. पण निर्णय त्याच दिवशी घ्यायचा नव्हता. मुदतीच्या आत पीसीटी (पेटंट सहकार्य करार) मार्गाने, अनेक देशांसाठी एकच असा, आंतरराष्ट्रीय अर्ज केला असता तर पहिल्या तारखेपासून 30 महिन्यांपर्यंत देश निवडायला वेळ मिळाला असता, आणि तोवर परवाना घेणारा तो कर्नाटकचा उत्पादक दारात आलेला होता. त्याने पहिल्याच बैठकीत विचारलं, "ब्राझीलचं काय केलंत?" तोवर मुदत टळून गेली होती. आता अशी वेळ आली की मी खर्च, मुदती आणि कधीपर्यंत काय ठरवायचं, हे एका कागदावर लिहून देतो आणि आठवड्याने पुन्हा फोन करतो.

पहिल्या भेटीत मी व्हिडिओ विचारला, पत्रक विचारलं, तोंडी काय बोललात हेही विचारलं. कॉलेजच्या रिपोर्टबद्दल विचारलं नाही, तो त्या विद्यार्थ्याच्या प्रामाणिकपणाने कळला. पहिल्या भेटीत भरून घ्यायच्या माझ्या कागदावर आता एक ओळ वाढली आहे: "यावर कुणी प्रोजेक्ट, सेमिनार, स्पर्धा किंवा निबंध केलाय का? असल्यास पूर्ण प्रत आणा, 'पुढील वाव' सकट."